हुमणीवरचे सूत्रकृमी: टाकीत ओतण्याआधी एक थेंब तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वळवाच्या सरी झाल्या आणि कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे बसू लागले की ऊस पट्ट्यात हुमणीची, म्हणजे या भुंगेऱ्यांच्या मुळे खाणाऱ्या अळीची, चर्चा सुरू होते. अलीकडे तिच्यासोबत मित्र सूत्रकृमींचेही, म्हणजे तिला मारणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचेही, नाव निघते. एकाच्या शिवारात त्यांनी हुमणी आटोक्यात आणलेली असते आणि शेजाऱ्याचे पैसे वाया गेलेले असतात. या फरकामागे बहुतेक वेळा सूत्रकृमींच्या जातीचा दोष नसतो. सूत्रकृमी हा जीव आहे आणि आपण तो पावडरीच्या औषधासारखा हाताळतो, तिथे घोटाळा होतो.

आधी एक भीती दूर करायला हवी. डाळिंब-टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी वेगळे. त्यांच्या तोंडात मूळ टोचायची सुई असते, हुमणीवरच्या सूत्रकृमींना ती नसते, म्हणून उसाला त्यांचा त्रास नाही. आपल्याकडे मुख्यतः हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका ही जात वापरली जाते. तिचे शास्त्रीय वर्णन १९९२ साली झाले आणि ती सापडली होती कोइमतूरच्या उसात, शेंडे पोखरणाऱ्या अळीमध्ये. म्हणजे उसाचे रान तिला नवे नाही. हा अर्ध्या मिलिमीटरचा जीव तोंडातून, गुदद्वारातून किंवा कातडी फाडून अळीत शिरतो आणि पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. अळी मरते ती या जिवाणूंमुळे. मऊ कातडीची अळी दोन दिवसांत संपते, हुमणीला मात्र आठवडा किंवा त्याहूनही जास्त लागू शकतो. दुसऱ्या दिवशी उसाचे बेट उकरून 'काहीच झालं नाही' म्हणणे घाईचे ठरते.

वेळ चुकली तर पुढचे सगळे चुकते. लहान अळ्या सहज बळी पडतात. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतली जाड, वाकडी अळी अंगावरचे सूत्रकृमी झटकते, शिवाय तिच्या श्वसनछिद्रांवर चाळणीसारखी झडप असते. म्हणून जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, जमीन ओली असताना सूत्रकृमी द्यावेत. बेटे वाळून हाताने उपटून येऊ लागली की मग धावपळ होते, पण तोवर अळ्या मोठ्या झालेल्या असतात.

मात्रा एकरी १०० कोटी जिवंत सूत्रकृमी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २५. हे ४०० लिटर पाण्यात मिसळले तर प्रत्येक मिलिलिटरला २,५०० होतात. मिलिलिटरचे अंदाजे वीस थेंब धरले, तर एका थेंबात सव्वाशेच्या आसपास यायला हवेत. तपासणी सोपी आहे. मिश्रण नीट ढवळून एक थेंब काळ्या पृष्ठभागावरच्या काचेवर घ्या, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि दहा ते वीस पटींच्या भिंगातून पाहा. जिवंत सूत्रकृमी नागमोडी वळवळतो, मेलेला सुईसारखा ताठ पडून राहतो. थेंबात पंधरा-वीसच वळवळताना दिसले तर पाकिटावर काहीही छापलेले असो, मात्रा अपुरी आहे. मेलेला माल रानात ओतण्यापेक्षा परत केलेला बरा.

माल मरतो तो बहुधा वाटेत. उन्हात तापलेल्या दुकानात किंवा टेम्पोच्या टपावर तो टिकत नाही. उलट, हा जीव उष्ण प्रदेशातला असल्याने घरच्या फ्रिजमधली चार-पाच अंशांची थंडीही त्याला मानवत नाही. १२ ते १५ अंश त्याला ठीक. तशी सोय नसेल तर आणल्यावर घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा.

सोडताना ऊन उतरलेले हवे, कारण उघड्यावर ते काही मिनिटांत मरतात. पंपाच्या नोझलमधली बारीक जाळी काढून टाका आणि धार बुंध्याशी मातीवर पाडा. सूत्रकृमी तळाशी बसतात आणि हवेअभावी गुदमरतात, म्हणून सतत ढवळत राहा. मिश्रण दोन-तीन तासांत संपवा. तणनाशकाचा पंप धुण्याच्या सोड्याने धुतल्याशिवाय वापरू नका. ठिबकने देणार असाल तर द्रावण फिल्टर ओलांडल्यानंतरच्या नळीत सोडा, कारण वाळूच्या फिल्टरमध्ये सगळेच अडकतील. आधी अर्धा तास पाणी चालवून घ्या आणि नंतर नळ्या धुण्यापुरते साधे पाणी सोडा. गेल्या वर्षीच्या आडसालीत (पावसाळ्यात लावलेल्या उसात) ऑगस्टमध्ये पंप घेऊन शिरताच येत नाही, तिथे ठिबकच उपयोगाचे. सरीच्या पाण्यातून सोडले तर ते सगळीकडे सारखे पोहोचत नाहीत.

नंतर दोन-तीन आठवडे वाफसा, म्हणजे चिखल नाही आणि कोरडही नाही अशी ओल, टिकायला हवा. पाणी साचले तर सूत्रकृमी गुदमरतात, माती सुकली तर हलत नाहीत. चिकण काळ्या जमिनीत त्यांची चाल मुळातच कमी असते, त्यामुळे द्रावण मुळांपर्यंत मुरेल इतके पाणी मागाहून द्यावेच लागते. पाचट (उसाचा वाळलेला पाला) सरीत ठेवलेल्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, ओल आणि सावली दोन्ही मिळतात. पाचट जाळलेल्या रानात हा फायदा हातचा जातो. क्लोरपायरीफॉस, कार्बोफ्युरान यांसारखी औषधे याच काळात मातीत घातली तर सूत्रकृमी त्यांनी मरू शकतात. मेटारायझियम बुरशी सोबत चालते.

आठ-दहा दिवसांनी बुंध्याजवळ उकरा. विटकरी लाल झालेली, अंगाने शाबूत आणि कुजका वास नसलेली अळी सापडली की काम झाले असे समजावे. ती फेकू नका, शेजारच्या बेटाच्या मुळाशी पुरा. तिच्यातून हजारो नवे सूत्रकृमी बाहेर पडतात. काळी पडून दुर्गंध येणारी अळी बहुधा दुसऱ्या कारणाने मेलेली असते.

सूत्रकृमींमुळे भुंगेरे गोळा करायचे टळत नाही. वळवानंतर संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या सुमारास झाडे हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकण्याचे काम सगळ्या गावाने मिळूनच करावे लागते. एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरून पुन्हा तेवढेच येतात.

कारखान्यांच्या शेतकी विभागांना आमची विनंती आहे. सूत्रकृमींचा माल गट कार्यालयात सकाळी उतरवून त्याच दिवशी वाटावा. प्रत्येक खेपेतले एक पाकीट माती परीक्षण प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे आणि जिवंत संख्या फलकावर लिहावी. चिटबॉयना (कारखान्याच्या शिवारात फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना) एकेक भिंग द्यावे. उत्पादकांनी पाकिटावर जात, जिवंत संख्या, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि साठवणुकीचे तापमान छापावे. कृषी खात्याने या पाच गोष्टी नसलेल्या मालाला अनुदान देऊ नये.

आपले नम्र,
ऊस पट्ट्यात पीक संरक्षणाचे काम करणारे काही कृषी पदवीधर