प्रतिस्पर्ध्याचा ताळेबंद आणि आपला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शनिवार-रविवारच्या सामन्यांनंतर नाशिकमधल्या फुटबॉलप्रेमी तरुणांत जी चर्चा होते, तिच्यात आता गोल, पेनल्टी आणि पंचांचे निर्णय यांच्याइतकाच वेळ प्रतिस्पर्धी क्लबच्या हिशेबांना मिळू लागला आहे. चेल्सीने कोणाला किती वर्षांचा करार दिला, बार्सिलोनाने पुढचे किती उत्पन्न आधीच विकले, आर्थिक नियम मोडल्याच्या मँचेस्टर सिटीवरच्या ११५ आरोपांचे काय झाले, एव्हर्टनचे गुण का कापले गेले, हे विषय कॉलेज रोडवरच्या कॅफेत आणि टर्फच्या जाळीबाहेर अकरावी-बारावीची मुलेही हिरिरीने मांडतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवतो आणि मँचेस्टर युनायटेडचा जुना समर्थक आहे, त्यामुळे या चर्चेत मला दुहेरी रस आहे. वर्गात ताळेबंदाचे नाव काढताच ज्यांचे लक्ष उडते, ती मुले एखाद्या क्लबच्या ताळेबंदावर तासभर बोलतात, याचा मला मनापासून आनंद होतो. परंतु ही चर्चा ज्या रीतीने चालते, तिच्याविषयी माझा गंभीर आक्षेप आहे. हिशेब वाचला जातो तो फक्त दुसऱ्याचा, आणि तोही बहुतेक वेळा त्याचे दिवाळे निघाल्याचा आनंद साजरा करण्यासाठी.

सर्वांत मोठा गोंधळ खेळाडूंच्या खरेदी-विक्रीविषयी दिसतो. क्लबने दहा कोटी पौंडांना खेळाडू घेतला म्हणजे त्या वर्षी दहा कोटींचा खर्च पडला, असे धरून चालतात. वास्तविक ही रक्कम कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची टाकली जाते. करार पाच वर्षांचा असेल तर दरवर्षी दोन कोटी, आठ वर्षांचा असेल तर दरवर्षी सव्वा कोटी. २०२२ मध्ये मालक बदलल्यानंतर चेल्सीने सात-आठ वर्षांचे करार करण्याचा सपाटा लावला, त्यामागे हे गणित होते. त्यावर उपाय म्हणून युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या नियामक संस्थेने, २०२३ मध्ये ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांपुरती मर्यादित केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या सर्वोच्च श्रेणीच्या, प्रीमियर लीगच्या, क्लबांनीही तसाच नियम स्वीकारला. पैसे प्रत्यक्ष हातात कधी पडतात हा आणखी वेगळा प्रश्न, कारण क्लब एकमेकांची देणी बहुधा हप्त्यांनी फेडतात. आता विक्री पाहा. दहा कोटींना पाच वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू तीन वर्षांनी पाच कोटींना विकला, तर समर्थक म्हणतो की निम्मे पैसे बुडाले. पण तोवर पुस्तकात त्याचे मूल्य चार कोटीच उरलेले असते आणि त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात एक कोटीचा नफा दिसतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. क्लबच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या खेळाडूचे पुस्तकी मूल्य जवळपास शून्य असते, त्यामुळे त्याच्या विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात जमा होते. मेसन माउंट वयाच्या सहाव्या वर्षी चेल्सीत आला, २०२१ मध्ये चेल्सीकडून युरोपचा विजेता झाला आणि २०२३ मध्ये आमच्या युनायटेडला विकला गेला. ज्या मुलाला क्लबने लहानपणापासून घडवले, त्यालाच विकणे हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत फायदेशीर ठरावे, हा मला या सगळ्या नियमावलीचा सर्वांत वाईट परिणाम वाटतो, आणि त्यावर मात्र कोणी बोलताना आढळत नाही.

दुसरा गोंधळ तोटा, कर्ज आणि रोख रकमेची चणचण या तीन गोष्टी एकच मानण्याचा आहे. एव्हर्टनचे उदाहरण घ्या. त्या वेळी लागू असलेल्या प्रीमियर लीगच्या नियमांप्रमाणे एखाद्या क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा चालत असे, तोही मालकाने त्यातला बहुतांश भाग भांडवल घालून भरून काढला तरच. आणि हा तोटा मोजताना अकादमी, महिला संघ, मैदानाची बांधणी अशा कामांवरचा खर्च वगळला जाई. त्यामुळे वार्षिक हिशेबात छापून आलेला तोटा आणि नियमासाठी मोजलेला तोटा हे दोन निरनिराळे आकडे असतात. एव्हर्टनचा असा मोजलेला तोटा १२ कोटी ४५ लाख पौंड ठरला, म्हणजे मर्यादेपेक्षा सुमारे दोन कोटींनी जास्त. त्याबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले गेले, अपिलानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये ती शिक्षा सहा गुणांवर आली, आणि एप्रिलमध्ये पुढच्या कालावधीसाठी आणखी दोन गुण गेले. नवे स्टेडियम बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज कोणत्या खात्यावर टाकायचे, हा त्या वादातला एक मुख्य मुद्दा होता. एवढा गुंतागुंतीचा आणि शिकण्यासारखा विषय आपल्याकडे 'एव्हर्टन बुडाले' या दोन शब्दांत संपवला गेला.

त्या वेळी सर्वाधिक आनंद एव्हर्टनच्याच शहरातल्या लिव्हरपूल क्लबच्या समर्थकांना झाला होता, हे मी जवळून पाहिले. त्यांच्यापैकी फार थोड्यांना हे माहीत असते की २००७ मध्ये आलेल्या दोन अमेरिकी मालकांनी घेतलेल्या कर्जापायी २०१० च्या ऑक्टोबरात लिव्हरपूलच कडेलोटावर उभे होते, बँकेची मुदत संपत आली होती आणि क्लबची विक्री होणार की नाही हे लंडनच्या उच्च न्यायालयात ठरले. बार्सिलोनाचे कर्ज १३५ कोटी युरोंवर गेल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि मेस्सीला रडत निरोप घ्यावा लागला, तेव्हा रेआल माद्रिदच्या समर्थकांनी जे बोलायचे ते सगळे बोलून घेतले. परंतु २००१ मध्ये रेआलनेही सरावाच्या मैदानाची जमीन विकून आपले कर्ज फेडले होते. पुढच्या २५ वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा चौथा हिस्सा विकणारी २०२२ मधली बार्सिलोना आणि जमीन विकणारी रेआल यांच्यात फरक आहे, आणि तो बार्सिलोनाला अडचणीचा आहे असेच माझे मत आहे. पण हे मत मांडण्याचा अधिकार दोन्ही व्यवहार शेजारी ठेवून पाहणाऱ्यालाच मिळतो.

माझ्या स्वतःच्या क्लबविषयी तर मला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने मँचेस्टर सिटीवर आरोप ठेवले, तेव्हापासून युनायटेडच्या प्रत्येक समर्थकाला ११५ हा आकडा तोंडपाठ आहे. ते आरोप आहेत आणि सिटीने ते नाकारले आहेत, हे मात्र सांगितले जात नाही. युएफाने २०२० मध्ये युरोपीय स्पर्धांतून सिटीवर घातलेली दोन वर्षांची बंदी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्याच वर्षी उठवली आणि चौकशीत सहकार्य न केल्याबद्दलचा एक कोटी युरोंचा दंड तेवढा ठेवला, हेही नाही. याच समर्थकांना आपल्या क्लबवर कर्ज कसे आले असे विचारले तर उत्तर येत नाही. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना युनायटेड घेतले, त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबवरच चढवला, आणि तेव्हापासून त्याचे व्याज क्लबच्या, म्हणजे शेवटी तिकीट आणि जर्सी विकत घेणाऱ्यांच्या, पैशातून जात राहिले. मँचेस्टरमधल्या काही समर्थकांनी हे सहन न होऊन त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा छोटा क्लब काढला. २०१० मध्ये हजारोंनी लाल रंग बाजूला ठेवून क्लबच्या जुन्या हिरव्या-सोनेरी रंगाचे स्कार्फ गळ्यात घातले. त्यांनी आधी आपल्या घरचा हिशेब मागितला. युनायटेड २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेले असल्यामुळे दर तिमाहीचे आकडे जाहीर होतात. सिटीच्या कागदांत काय दडले आहे याचे तर्क करण्यापूर्वी आपल्यासमोर उघडे ठेवलेले कागद वाचायला हवेत.

प्रतिस्पर्धी क्लब बुडाला तर बिघडले काय, असेही मला विचारले जाते. पतसंस्था बुडते तेव्हा संचालक क्वचितच रस्त्यावर येतात, रांगेत उभा राहतो तो ठेवीदार. क्लबचेही तसेच आहे. १८८५ साली स्थापन झालेला आणि दोनदा एफए कप ही इंग्लंडची चषक स्पर्धा जिंकलेला 'बरी' हा इंग्लिश क्लब २०१९ मध्ये वरच्या श्रेणीत बढती मिळवून बसला होता, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, देणी भागवण्याइतका पैसा असल्याचे मालकाला दाखवता न आल्यामुळे, इंग्लिश फुटबॉल लीगमधून बाहेर काढला गेला. खेळाडूंनी मैदानावर आपले काम चोख केले होते. ग्लासगोच्या रेंजर्सची जुनी कंपनी २०१२ मध्ये कराच्या थकबाकीच्या ओझ्याखाली अवसायनात गेली आणि नव्या कंपनीला चौथ्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली. त्याच शहरातल्या सेल्टिकच्या समर्थकांनी तेव्हा जल्लोष केला, पण पुढची चार वर्षे लीगमध्ये सेल्टिक विरुद्ध रेंजर्स हा सामनाच झाला नाही, आणि ज्या लढतीवर स्कॉटिश फुटबॉलचे नाव चालत होते, तिच्याशिवाय सेल्टिकने जिंकलेल्या विजेतेपदांचे मोल त्यांच्याच लोकांना कमी वाटू लागले. उलट, बोरुसिया डॉर्टमुंड २००४ च्या सुमारास दिवाळखोरीच्या दारात असताना बायर्न म्युनिकने त्याला वीस लाख युरो विनातारण कर्जाऊ दिले. डॉर्टमुंड २००५ मध्ये धनकोंच्या संमतीने वाचला आणि २०११ व २०१२ मध्ये त्याच बायर्नला मागे टाकून त्याने जर्मनीचे विजेतेपद मिळवले. बायर्नला त्याची किंमत मोजावी लागली हे खरे. पण जर्मन लीगला पुन्हा एक लढत मिळाली.

आणि हे सगळे दूरच्या देशांत चालले आहे, असे समजण्याचे कारण नाही. ज्या उद्योगसमूहाचा मोटारींचा कारखाना आपल्या सातपूरला आहे, त्याच समूहाचा महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता; २०१० मध्ये तो बंद करण्यात आला. पुण्याच्या बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी पाच हंगाम खेळून २०१९ मध्ये संपला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. नाशिकहून जायला चार-पाच तासांवर असलेला क्लब नाहीसा झाला, तेव्हा त्याचे उत्पन्न किती होते, पगारांवर किती जात होते, मालकांनी किती पैसा ओतला आणि तो कधी थांबवला, हे प्रश्न मी इथे एकाही चर्चेत ऐकले नाहीत. बार्सिलोनाच्या कर्जाचा आकडा सांगणाऱ्या मुलांना शेजारच्या क्लबविषयी एवढे औदासीन्य असावे, याचे मला फार वाईट वाटते. भारतातल्या कोणत्याही कंपनीचे वार्षिक हिशेब कंपनी निबंधकांकडे दाखल होतात आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरून ते कोणालाही पाहता येतात. इंग्लंडमधल्या क्लबांचे तर तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. सुरुवातीला तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरे: उत्पन्नातला किती भाग पगारांवर जातो, वर्षाच्या आत कोणती देणी फेडायची आहेत आणि ती भागवायला रोख किती आहे, आणि मालकाच्याच इतर कंपन्यांशी कोणते व्यवहार झाले आहेत. शेवटची माहिती बहुधा मागच्या टिपांमध्ये बारीक अक्षरांत असते. चेल्सीने आपली दोन हॉटेले मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली, हे अशाच नोंदींतून जगासमोर आले.

माझी आपल्या दैनिकाला विनंती आहे की क्रीडापानावर खेळाडूंच्या खरेदीचे आकडे देताना कराराची मुदत आणि वर्षाला पडणारा खर्चही द्यावा, 'कर्ज' आणि 'तोटा' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, आणि वर्षातून एकदोन वेळा तरी एखाद्या क्लबचा, शक्यतो भारतीय क्लबचाही, ताळेबंद मराठीत उलगडून सांगावा. समर्थकांच्या गटांना माझे सांगणे असे आहे की प्रतिस्पर्ध्याच्या हिशेबावर बोलायला बसण्यापूर्वी त्याच वर्षाचा आपल्या क्लबचा हिशेब समोर ठेवावा आणि दोन्हींना एकच प्रश्न विचारावेत. आपण अशी लेखमाला सुरू केल्यास आकडे तपासण्याच्या कामी मी आनंदाने मदत करीन; पहिल्या लेखासाठी मँचेस्टर युनायटेडचाच वार्षिक अहवाल घ्यावा आणि त्यातल्या व्याजखर्चाच्या ओळीपासून सुरुवात करावी, अशी माझी सूचना आहे.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक