अपघाताची बातमी लिहिताना

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

डेस्कवर आता महामार्गाच्या बातम्या तुझ्या हातून जाणार, म्हणून हे सविस्तर लिहिते. अपघाताची बातमी वाचून माणूस दुसऱ्या दिवशी सीट बेल्ट लावतो की नाही, हे बातमी किती भयंकर आहे यावर ठरत नाही. गाडीत कोण कुठे बसलं होतं, कोणी बेल्ट लावला होता आणि वाचणाऱ्याने आता काय करायचं, हे तिच्यात असेल तरच काही फरक पडतो.

चारोटीचा अपघात घे. ४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा सूर्या नदीचा पूल. गाडीत मागे बसलेले टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं आणि त्या एका तपशिलाने मागच्या सीटचा बेल्ट देशभर चर्चेत आणला. दोनच दिवसांत नितीन गडकरींनी मागच्या प्रवाशांनाही दंड करण्याची घोषणा केली. मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्टची सक्ती जाहीर केली. बकलमध्ये खोचून अलार्म गप्प करायच्या त्या धातूच्या क्लिपांकडेही तेव्हाच लक्ष गेलं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा १३,११८ लिस्टिंग उतरवल्या गेल्या. नुसतं ‘आलिशान गाडीचा चक्काचूर’ छापून आलं असतं तर यातलं काही झालं असतं, असं मला वाटत नाही.

पण त्याच दिवसांत अनेक ठिकाणी ‘आता मागेही बेल्ट सक्तीचा’ असं नव्या नियमासारखं छापून आलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८(३) हा नियम पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशालाही लागू होताच, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बी खाली १,००० रुपये दंडही होता. त्याआधी ३ जून २०१४ ला दिल्लीत गाडीच्या अपघातात गोपीनाथ मुंडे गेले, तेही मागच्या सीटवर होते. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी बेल्टचा मुद्दा उघडपणे मांडला होता. चर्चा झाली आणि विरली. २०२२ च्या सरकारी अहवालात बेल्ट न लावलेल्या मृतांचा आकडा १६,७१५ आहे. त्यातले ८,३३१ गाडी चालवत नव्हते, नुसते बसलेले होते. म्हणून एका मोठ्या नावाच्या बातमीवर माझा फारसा भरवसा नाही.

नुसत्या प्रसिद्धीने काय होतं, याचा चोख प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. लिऑन रॉबर्टसन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शहरातल्या टीव्ही केबलच्या दोन जाळ्यांपैकी एकावरच नऊ महिने बेल्टच्या जाहिराती दाखवल्या आणि रस्त्यावर माणसं उभी करून कोण बेल्ट लावतं ते नोंदवलं. १९७४ साली निकाल छापला: दोन्ही गटांत फरक नाही. याउलट १९९३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात नाकाबंदी वाढवली आणि तिचीच जोरदार प्रसिद्धी केली, तेव्हा बेल्ट लावणारे साधारण ६५ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेले. तेव्हा अपघातानंतर तपासणी कुठे चालू आहे, किती जणांना दंड झाला, मागच्या सीटवाल्यांना झाला का, ही बातमी छोटी समजू नकोस. पहिल्या पानावरच्या फोटोपेक्षा तिचा उपयोग जास्त आहे.

आता कॉपीबद्दल, म्हणजे बातमीच्या मजकुराबद्दल. ‘काळाचा घाला’ आणि ‘दैव बलवत्तर म्हणून बचावले’ हे कॉपीतून काढत जा. सगळं काळाने आणि दैवानेच केलं असेल तर वाचणाऱ्याने बेल्ट कशाला लावायचा? भीती दाखवून उपाय सांगितला नाही, तर माणूस भीती टाळतो, म्हणजे पान उलटतो. बचावलेल्याने बेल्ट लावला होता हे कळलं असेल, तर ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं; शेवटच्या ओळीत टाकलंस तर जागा कमी पडली की तीच ओळ आधी कापली जाते.

मात्र ते खरंच कळलेलं असावं. पॅरिसमधल्या डायानाच्या अपघातात बचावलेल्या अंगरक्षकाने बेल्ट लावला होता, असं १९९७ मध्ये जगभर छापलं गेलं. ब्रिटिश पोलिसांच्या २००६ च्या अहवालात निष्कर्ष निघाला की चौघांपैकी कोणीच लावला नव्हता. बचावलेला माणूस दंडाच्या आणि विम्याच्या धाकाने ‘लावला होता’ म्हणणारच. वार्ताहराला सांग, पोलिसांना विचार. त्यांच्या अपघात नोंदीत बेल्टचा रकाना असतो. गाडी बघायला मिळालीच तर हात न लावता बेल्ट बघायचा. बाहेर ओढलेला राहून अडकला असेल, किंवा सोडवणाऱ्यांनी कापलेला असेल, तर बहुधा लावलेला होता. गाडीच्या दाराजवळच्या खांबाला चिकटून गुंडाळलेलाच जाम झाला असेल, तर बहुधा नव्हता. जोराने ताणलेल्या पट्ट्यावर घासून गुळगुळीत झालेला चकाकता डाग दिसतो, पट्टा ज्यातून येतो त्या वरच्या कडीच्या प्लॅस्टिकवर ओरखडे असतात. पुढच्या सीटची पाठ मागून ढकलल्यासारखी वाकली असेल, तर मागे कोण होतं ते विचारायचं. डॉक्टरांना खांद्यापासून विरुद्ध कमरेपर्यंतचा तिरका वळ ओळखता येतो. एवढ्यावर तज्ज्ञसुद्धा घाईने निकाल देत नाहीत, त्यामुळे छापताना ‘पोलिसांच्या प्राथमिक माहितीनुसार’ हे शब्द असू देत. गाडीच विजेच्या खांबासारख्या वस्तूवर कुशीने आदळली असेल, तर बेल्टने वाचलाच असता असं ठामपणे लिहू नकोस.

प्रत्येक मोठ्या अपघाताच्या बातमीला चार ओळींची चौकट जोड. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर घट्ट बसायला हवा. पोटावर असला तर धक्क्यात आतडी आणि यकृत चिरडतात. वरचा पट्टा खांद्याच्या मधून छातीवरून जावा, काखेखालून नको, कारण तिथून बरगड्या मोडतात. पीळ नको. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खाली घ्यावा. सीट मागे पाडून झोपलं की माणूस बेल्टखालून पुढे सरकतो. एअरबॅग बेल्ट लावलेल्या शरीरासाठी बनवलेली असते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून खाली पडणं. हातांनी पुढची सीट धरून ते थोपवता येत नाही, आणि मागचा माणूस जाऊन आदळतो तो पुढच्याच्या पाठीवर.

दोन आठवड्यांनी त्याच विषयावर पुन्हा बातमी कर, कारण तोवर लोक विसरलेले असतात. फोटो हवा असेल तर टॅक्सी स्टँडवर छायाचित्रकार पाठव. कितीतरी गाड्यांत मागच्या सीटची बकलं नव्या सीट कव्हरखाली गाडलेली असतात. प्रवाशाला बेल्ट लावायचा असला तरी लावता येत नाही. तुमच्या रात्रपाळीच्या कॅबमध्येही बघ. बैठक आणि पाठ यांच्या फटीत हात घालून बकल वर ओढायचं, कव्हर शिवलेलं असलं तर ड्रायव्हरदादांना सांगून तेवढी शिवण उसवून घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे.

तुझी,
आई