दुकानाचा डेटाबेस पुन्हा जोडून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

ऐन हंगामात, गुळाचे सौदे जोरात असताना, आमच्या अडत दुकानातील काउंटरचा संगणक आतल्या खोलीतील डेटाबेसला जोडला जाईना आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) अडकून पडल्या. वडिलांची पट्टी न्यायला आलेल्या आपण त्या दिवशी जे काम करून दिलेत, त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र.

राउटर बदलल्यापासून हे घडत होते. फोनवरून आम्हाला मिळालेला सल्ला सगळे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याचा होता. आपण मात्र आधी पडद्यावरचा संदेश नीट वाचलात. जोडणी नाकारलेली नसून उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपली आहे, हा फरक आपण दाखवलात. मग आतल्या संगणकावर बसून, 127.0.0.1 म्हणजे त्याच यंत्राच्या पत्त्यावरून पोस्टग्रेस (आमच्या डेटाबेसचे सॉफ्टवेअर) उघडलेत. डेटाबेस शाबूत असल्याचे पाहून आमचा अर्धा जीव भांड्यात पडला.

नव्या राउटरने त्या संगणकाला 192.168.0 ने सुरू होणारा पत्ता दिला होता आणि काउंटरवरच्या सेटिंगमध्ये 192.168.1 चा जुना पत्ता तसाच होता. तो बदलूनही जोडणी होईना, तेव्हा विंडोजने नव्या नेटवर्कला ‘पब्लिक’, म्हणजे परके, ठरवल्याचे आणि 5432 या पोर्टला (पोस्टग्रेसच्या नेटवर्कवरील दाराला) वाट देणारा फायरवॉलचा, म्हणजे संगणकाच्या राखणदाराचा, नियम फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कपुरता असल्याचे आपल्या लक्षात आले. पिंगला (तो संगणक नेटवर्कवर सापडतो का, या चाचणीला) उत्तर न येण्याचे कारणही तेच होते. ते सुधारताच दुसरीच एरर आली. आम्ही कपाळाला हात लावला आणि आपण चक्क हसलात! ही तक्रार खुद्द पोस्टग्रेसची आहे, म्हणजे वाट मोकळी झाली असून आता फक्त परवानगी हवी आहे, असे आपण समजावलेत. परवानग्यांच्या फाइलीत जुन्याच पत्त्यांची ओळ होती.

इथे सगळ्या पत्त्यांना मोकळीक देऊन आणि पासवर्डची अट काढून काम चटकन उरकता आले असते. आपण तसे केले नाहीत, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. मूळ फाइलीची प्रत आधी बाजूला ठेवून आपण केवळ दुकानातील पत्त्यांपुरती ओळ लिहिलीत, सर्व्हर बंद न करता ती सेटिंग पुन्हा वाचायला लावलीत, आणि मी पासवर्ड टाकताना (त्यामागे शेतकऱ्यांच्या उचलीचा सगळा हिशेब आहे) पाठ फिरवून उभ्या राहिलात. पत्ता पुन्हा बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो आतल्या संगणकासाठी राखूनही दिलात. त्यानंतर वीज जाऊन राउटर बंद-चालू झाला, तरी काउंटरचे काम अडलेले नाही.

आपण मोबदला घेतला नाहीत. गूळ द्यावा, तर तो आपल्याच गुऱ्हाळातला निघायचा. म्हणून वडिलांसोबत दुकानात जेवायला येण्याचे हे आग्रहाचे निमंत्रण स्वीकारावे.

आपला नम्र,
शाहू मार्केट यार्डातील एक अडते, कोल्हापूर