कार्ड फेकण्याआधी आयआरक्यू पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या संगणकांवर आलेला लेख वाचला. विंडोज ९८ च्या यंत्रात आवाज येत नसेल किंवा मोडेम सापडत नसेल, तर ‘फॉरमॅट मारा, नाही जमले तर कार्ड बदला’ असा सल्ला त्यात दिला आहे. छापखान्यात अशी यंत्रे अजून ठेवलेली असतात ती हौस म्हणून नव्हे. जुन्या डीटीपी (पानमांडणीच्या) सॉफ्टवेअरचे डोंगल, म्हणजे ज्यावाचून ते सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली, पॅरलल (प्रिंटरच्या) पोर्टलाच लागते म्हणून. तिथे फॉरमॅट मारणे म्हणजे फॉन्ट, फाइली, सॉफ्टवेअर सगळ्यावर पाणी सोडणे. एवढे करून दोष जागच्या जागी, कारण पुष्कळदा भांडण दोन कार्डांचे असते. विंडोज बिचारी मध्ये सापडते.

आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारण्याचा क्रमांक; एकच क्रमांक दोघांनी धरला की भांडण. असे क्रमांक एकूण सोळा, ० ते १५. कीबोर्ड १, सिरियल पोर्टांपैकी कॉम २ ला ३, कॉम १ ला ४, फ्लॉपी ६, प्रिंटर पोर्ट ७, घड्याळ ८, पीएस/२ माउस १२, हार्डडिस्क आणि सीडी ड्राइव्ह १४-१५. साउंड ब्लास्टर १६ आणि तिच्या वळणाची आयएसए (जुन्या स्लॉटची) कार्डे ५ मागतात. पत्ता २२०, डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीचा मार्ग) १ आणि ५. कार्डाचा जंपर (आकडा ठरवणारी छोटी टोपी) चुकून ७ वर असेल तर प्रिंटर पोर्टशी, म्हणजे डोंगलच्याच जागेशी, गाठ पडते. मोडेमचे त्याहून वाईट. कॉम ३ हा कॉम १ चाच ४ वापरतो आणि कॉम ४ हा कॉम २ चा ३. सिरियल माउस कॉम १ वर आणि अंतर्गत मोडेम कॉम ३ वर असेल, तर मोडेम डायल करू लागताच माउस गोठतो. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, रिकामा दुसरा सिरियल पोर्ट बंद करावा आणि मोडेमला कॉम २, पत्ता २एफ८, आयआरक्यू ३ द्यावा.

पीसीआय (आयएसएनंतरच्या स्लॉटची) कार्डे आयआरक्यू वाटून घेऊ शकतात, आयएसए कार्डे घेत नाहीत. म्हणून जंपरवाले आयएसए कार्ड असेल तर बायोसच्या ‘पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन’मध्ये त्याचा आकडा ‘लेगसी आयएसए’ करून राखून ठेवावा, नाहीतर बायोस तो दुसऱ्याच कार्डाला देऊन मोकळा होतो. बदल केल्यावर ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ एकदा ‘येस’ करावे. एजीपीला (डिस्प्ले कार्डाच्या स्लॉटला) लागून असलेला पीसीआय स्लॉट बऱ्याच बोर्डांवर एजीपीच्याच आयआरक्यूवर असतो. साउंड कार्ड तिथे असेल तर दोन घरे खाली सरकवून पाहावे. बोर्डावरच साउंड असेल आणि वेगळे कार्डही घातले असेल, तर बोर्डावरचे बायोसमधून बंद.

मग विंडोजमधली कार्डांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर. पिवळे चिन्ह दिसले की लोक घाबरतात, पण त्यावर डबल क्लिक करून कोड वाचत नाहीत. कोड १२ म्हणजे भांडण, वर सांगितलेले. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) नाही. खोक्यावरच्या नावाने ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नसतो, कारण एकाच नावाच्या खोक्यात वेगवेगळ्या चिप निघतात. विंडोजची नोंदवही दाखवणाऱ्या रेजएडिटमध्ये ‘एचकी लोकल मशीन’खाली ‘एनम’, त्यात ‘पीसीआय’ उघडावे. प्रत्येक नोंदीत ‘व्हेन’पुढे चार अक्षरे असतात: १४एफ१ कोनेक्संट, ११सी१ ल्युसेंट, १३४डी पीसीटेल, ११०२ क्रिएटिव्ह, १२७४ एन्सॉनिक, १३एफ६ सी-मीडिया. ड्रायव्हर त्या चिपचा घ्यावा. तिथे फक्त वाचायचे, काही खोडायचे नाही. जुन्या प्रयत्नांच्या दुहेरी नोंदी काढायच्या त्या सेफ मोडमध्ये, डिव्हाइस मॅनेजरमधूनच. एरवी त्या दिसतही नाहीत. त्याआधी विंडोजच्या सीडीवरचा ‘विन९८’ फोल्डर हार्डडिस्कवर उतरवून ठेवावा, कारण रीस्टार्टनंतर विंडोज पहिल्यांदा सीडीच मागते.

सगळे ठीक दिसते आणि तरी आवाज नाही, तेव्हा आधी पिन पाहावी. हिरवे भोक स्पीकरचे, गुलाबी माइकचे, निळे लाइन-इन. विंडोजची धून वाजते पण गाण्याची सीडी मुकी, तर सीडी ड्राइव्हमागून साउंड कार्डाकडे जाणारी चार तारांची बारीक केबल निघालेली असते. दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे ९८ एसईमध्ये, कंट्रोल पॅनेलच्या ‘मल्टिमीडिया’त डिजिटल सीडी ऑडिओची खूण केली तर त्या केबलवाचूनही भागते, ड्राइव्हला ते झेपत असेल तर.

मोडेमची परीक्षा विंडोजमधल्याच हायपरटर्मिनल प्रोग्रॅममध्ये होते. पोर्ट निवडून ‘एटी’ टाइप करून एंटर दाबावे. ‘ओके’ आले तर मोडेम जिवंत. ‘नो डायलटोन’ आले आणि फोन उचलल्यावर कानाला टोन ऐकू येतो, तर मोडेमला आपल्या लाइनचा किंवा ऑफिसच्या ईपीएबीएक्सचा (अंतर्गत फोन एक्सचेंजचा) टोन ओळखता येत नाही एवढेच. मोडेमच्या जादा सेटिंगमध्ये ‘एक्स३’ लिहावे. मग तो टोनची वाट न पाहता डायल करतो. विनमोडेम डॉसमध्ये मुके असतात, कारण त्यांचे निम्मे काम प्रोसेसर करतो; शुद्ध डॉसमध्ये उत्तर आले नाही म्हणून ते खराब ठरवू नयेत. सिरियल केबलचा बाहेरचा मोडेम मिळाला तर तोच घ्यावा. आता फोन फायबरवरून आला असेल तर मोडेमच्या ५६के या पूर्ण वेगाची आशा सोडावी. फॅक्सपुरता मोडेम लावायचा असला तरी वेग ९६०० वर उतरवून पाहावा.

पावसाळ्यात कोकणात कार्डाच्या सोनेरी दातांवर थर चढतो आणि चालू कार्ड अचानक गायब होते. यंत्राची वायर काढून, कार्ड उपसून, दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवावे. विजेचे मात्र वेगळे. गडगडाट सुरू झाला की लोक संगणकाचा स्विच बंद करतात आणि फोनची तार मोडेममध्ये तशीच ठेवतात. तांब्याच्या लाइनवरचा झटका स्विचमधून येत नाही, त्या तारेतून थेट कार्डात येतो. तेव्हा तीही उपसावी.

आपला,
संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक, चिपळूण