रविवारच्या फोननंतर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू तीनदा "सगळं ठीक आहे" म्हणालास आणि ठेवता ठेवता विचारलंस, "आई, पुढच्या वर्षी दुसऱ्या युनिव्हर्सिटीत बदलून घेता येतं का गं?" बाबा शेजारीच होते, म्हणून मी "बघू" एवढंच म्हणाले. पण रात्रभर तोच प्रश्न मनात घोळत राहिला. फोनवर तुझ्याशी निवांत बोलता येत नाही. मागे हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये कोणीतरी हाका मारत असतं आणि तू प्रत्येक गोष्टीला नुसतं "हं" म्हणतोस. म्हणून लिहायला बसले.

घरची आठवण येते याची लाज वाटून घेऊ नकोस. मी दरवर्षी वर्गात योहानेस होफरबद्दल सांगते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात वैद्यक शिकणारा हा मुलगा. १६८८ साली, म्हणजे साधारण तुझ्याच वयाचा असताना, त्याने घराच्या ओढीने येणाऱ्या आजारपणावर प्रबंध लिहिला. ग्रीक भाषेतले 'घरी परतणं' आणि 'वेदना' हे दोन शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द त्यानेच घडवला. त्या प्रबंधात बर्नहून बाझलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकीकत आहे. अंतर काही फार नाही, रस्त्याने १०० किलोमीटरच्या आसपास. तरी तो पोरगा खंगत गेला. शेवटी त्याला घरी न्यायचं ठरलं आणि घर गाठण्याआधीच त्याला उतार पडू लागला. इतकी वर्षं मी हे शब्दाचा इतिहास म्हणून शिकवत आले. यंदा शिकवताना मध्येच थांबावं लागलं मला.

पण तुझं दुखणं एवढंच आहे असं मला वाटत नाही. तू बोलता बोलता एक वाक्य म्हणालास आणि लगेच विषय बदललास: "मी वर्गात असलो काय, नसलो काय, कोणाला कळतही नाही." मला ते वाक्य लागलं.

लहान कॉलेजात पहिल्या महिन्यात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना तुझं नाव कळलं असतं, त्यासाठी तुला काही करावं लागलं नसतं. मोठ्या शहरातल्या अफाट विद्यापीठात कोणी ओळखलं नसतं, पण बाहेर शहर होतं, त्यात रमला असतास. तू आहेस ते या दोन्हींच्या मधलं. पहिल्या वर्षाची लेक्चर मोठ्या हॉलमध्ये, मागच्या बाकावर कोण बसलंय ते व्यासपीठावरून दिसत नाही. पण तेच सर दुपारी डिपार्टमेंटमध्ये आपल्या खोलीत दार उघडं टाकून बसलेले असतात आणि दाराशी फारसं कोणी येत नाही. अशा ठिकाणी ओळख आपण होऊन करून घ्यावी लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते कळायला दीड वर्ष लागलं.

दुसऱ्या वर्षी मला ताप आला होता, हे तुला कधी सांगितलेलं नाही. रूममेट गावाला गेलेली. चार दिवस मी खोलीतच पडून होते. एक चाचणी बुडाली, प्रॅक्टिकल बुडालं, कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? मीच कोणाला धरून नव्हते. लेक्चर संपलं की वही मिटून थेट निघायचे. पाचव्या दिवशी कशीबशी लायब्ररीत गेले, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "चार दिवस दिसला नाहीत. बरं नव्हतं का?" आणि त्यांनी काउंटरखालून माझं पुस्तक काढून दिलं. मी रोज रीडिंग रूममध्ये तेच पुस्तक मागायचे, म्हणून दुसऱ्या कोणाला न देता बाजूला ठेवलं होतं. त्या मोठ्या आवारात माझी गैरहजेरी लक्षात आलेला तो एकटा माणूस होता, आणि मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. तिथेच उभी राहून रडले मी. मग नाव विचारलं.

त्यानंतर मी पहिल्यांदा सरांच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते, त्यामुळे पाच मिनिटांत परत आले. दुसऱ्यांदा पुस्तकातला न कळलेला एक परिच्छेद घेऊन गेले आणि पाऊण तास बसले. तू जाशील तेव्हा असंच काहीतरी नेमकं घेऊन जा. असाइनमेंटमध्ये मार्क का गेले, हा प्रश्नही चालतो. पण मार्क वाढवून द्या म्हणून नको, कुठे चुकलं ते समजून घ्यायला जा. पुढे शिफारसपत्र मागायची वेळ येते, तेव्हा ज्यांनी तुझा चेहराही पाहिलेला नाही त्यांनी काय लिहावं? पण खरं सांगू, शिफारसपत्रासाठी नव्हे, माझ्या मुलाला तिथल्या एका तरी मोठ्या माणसाने नावाने हाक मारावी, यासाठी मी हे सांगते आहे.

आता गावाबद्दल. "गावात काही नाही" असं तू म्हणतोस. विद्यापीठ आणि गाव यांचं नातं फार जुनं आणि अवघड आहे. गावकऱ्यांशी बिनसलं म्हणून ऑक्सफर्ड सोडून निघालेली मंडळी केंब्रिजला गेली आणि १२०९ मध्ये तिथल्या विद्यापीठाची सुरुवात झाली. पुढे १३५५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका गुत्त्यात मद्य चांगलं नाही यावरून विद्यार्थी आणि मालक यांच्यात जुंपली, आणि त्यातून पेटलेल्या दंगलीत कितीतरी माणसं मेली. गावाला त्याचं प्रायश्चित्त दरवर्षी घ्यावं लागे, थेट १८२५ पर्यंत. आता कोणी तलवारी काढत नाही. पण तुम्ही मुलं गावाकडे चार वर्षांची धर्मशाळा म्हणून बघता आणि गाव तुमच्याकडे भाडं म्हणून बघतं, तेव्हा जुना दुरावा थोडा तरी शिल्लक राहतोच. सुट्टी लागली की रस्ते ओस पडतात, बसच्या फेऱ्या कमी होतात. तेव्हाही तिथेच असतात ती माणसं ओळखीची करून घे. गावातलं वाचनालय शोध, एखाद्या मैदानावर खेळायला जा. जिथे तुला कोणी "कुठली ब्रँच?" असं विचारणार नाही, अशी एक तरी जागा आठवड्यात असू दे.

घराचंही सांगून ठेवते. लवकरच सिनियर म्हणू लागतील की पुढच्या वर्षासाठी चांगली घरं संपत आली, आजच सही करा. अशा गावात घरं शैक्षणिक वर्षाच्या हिशोबाने फिरतात, त्यामुळे घाई अगदीच खोटी नसते. तरी ज्यांना पाच आठवडे ओळखतोस त्यांच्याबरोबर वर्षभराचा करार करू नकोस. भाडं दहा महिन्यांचं की बारा, एकजण मध्येच सोडून गेला तर त्याचा वाटा कोणी भरायचा, हे करारनाम्यात वाचून घे. राहायला जाशील त्या दिवशी भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो काढून ठेव, नाहीतर डिपॉझिट परत मिळताना जुनी ओलसुद्धा तुमच्या नावावर लागते. सही करण्याआधी कागद बाबांना पाठव.

आणि एक गोष्ट मी मागे घेते. निघताना मी म्हणाले होते, दर शनिवारी घरी ये. तू येतोसही, आणि दार वाजलं की मला काय होतं ते तुला माहीत आहे. पण हॉस्टेलमधल्या ओळखी शनिवार-रविवारीच होतात. कोणी कपडे धुवत असतं, कोणी नुसतंच जिन्यात बसलेलं असतं. तू प्रत्येक वेळी त्याच दिवशी निघून येतोस, आणि सोमवारी पुन्हा नवा असतोस. महिन्यातून एकदा ये. जड जाईल मला, तरी सांगते आहे.

सेमिस्टर संपेपर्यंत थांब. तोवर एकदा सरांच्या खोलीत जाऊन ये आणि सलग तीन शनिवार तिथे राहून बघ. त्यानंतरही इथे नाही राहायचं असं म्हणालास तर मी का म्हणून विचारणार नाही. अर्ज आपण तिघं बसून भरू. बाबांशी काल रात्री बोलले आहे. ते रागावलेले नाहीत, फक्त म्हणाले, "त्याने माझ्यासमोर का नाही विचारलं?" तेव्हा येत्या रविवारचा फोन आधी त्यांच्या नंबरवर कर.

तुझी,
आई