निकालाबरोबर अभिप्रायही हवा

महोदय,
मुलांच्या लेखनस्पर्धांत पहिल्या तिघांची नावे जाहीर होतात, बाकीचे कागद गठ्ठ्यातच राहतात. आपली कथा कुठे रेंगाळली, कोणते वाक्य परीक्षकांना भावले, हे त्या मुलांना कळतच नाही. परीक्षकांनी लिहिलेल्या दोन ओळी प्रशस्तिपत्रकापेक्षा कितीतरी जास्त शिकवतात. कार्यशाळांतही दिवसभर भाषणे आणि लिहायला शेवटचा अर्धा तास, हे बदलायला हवे. मुलांनी तिथेच लिहावे, एकमेकांना वाचून दाखवावे, दुसऱ्या दिवशी तोच मजकूर पुन्हा लिहावा. पुनर्लेखनाची गोडी याच वयात लागते. स्पर्धेत परीक्षकांकडे कथेवर मुलाच्या नावाऐवजी क्रमांक जावा. १० आणि १७ वर्षांची मुले एकाच गटात नकोत. शिवाय ‘माझा आवडता ऋतू’सारखे विषय आता पुरे झाले, विषय मुलांनाच निवडू द्यावेत.
– एक शिक्षिका