उजळाईवाडीच्या त्या तिघांना

आभार मानायला इतकी वर्षं लागली, याची लाज वाटते. ऑगस्ट 2019. पंचगंगेनं कोल्हापूर शहर वेढलेलं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. पुण्याहून रस्ता नाही, म्हणून मी हैदराबादहून विमानानं उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर उतरले. हातात आईच्या इन्सुलिनचा थर्मास, आणि त्यातला बर्फ केव्हाच विरघळलेला.

कोल्हापूर संस्थानच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला हा विमानतळ. मधली कित्येक वर्षं तिथं नियमित विमानसेवाच नव्हती. लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेतून 2018 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा आम्हीही हसलो होतो, कोल्हापूरला विमान कशाला म्हणून. पुराच्या त्या आठवड्यात हसू आवरलं. बचाव पथकंही विमानानंच येत होती.

आत एका ताईंनी माझा थर्मास बघितला, काही न विचारता कुठूनसा स्टीलच्या डब्यात बर्फ आणला. सुरक्षेवरच्या एका दादांनी स्वतःच्या फोनवरून रिक्षावाल्या मामांना बोलावलं. शहरात पेट्रोलची मारामार. मामांनी सीटखालची बाटली काढून टाकीत ओतली, म्हणाले, "राजारामपुरीपर्यंत पुरतंय बघा, बसा." पैसे घ्यायला तयार नव्हते, मी सीटवर ठेवून पळाले.

नाव कुणाचंच विचारलं नाही. आता टर्मिनल नवं झालंय, 2024 पासून. परवा गेले तर ताई दिसल्या नाहीत. त्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे.